दोन कॅमेऱ्यांतून एक

आठवड्याच्या बाजारात बैल घ्यावयास गेलेला शेतकरी दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. परंतु एक गोष्ट तो घरूनच ठरवून आलेला असतो. बैल नांगराला हवा की गाडीला? हे ठरले नसेल तर दोन चांगल्या बैलांपुढे उभा राहून त्याने दिवसभर विचार केला तरी निर्णय व्हावयाचा नाही. आणि झालाच, तर तो दलालाचा होईल, त्याचा नव्हे.

आजचा आपला विषय बैलांचा नाही, कॅमेऱ्यांचा आहे. पण दोन चांगल्या वस्तूंतून एक निवडावयाची वेळ आली म्हणजे शिकलासवरलेला माणूसही कसा गोंधळतो, ह्याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. तो सांगितला तर शाळेसाठी, वाचनालयासाठी किंवा घरासाठी असली वस्तू घेणाऱ्यांना त्याचा काही उपयोग होईल, असे वाटते.

गोष्ट आमच्या तालुक्यातल्या एका जुन्या प्राथमिक शाळेची. शाळेने शंभरी ओलांडली आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक लाकडी कपाट आहे आणि त्या कपाटात शाळेची जुनी जनरल रजिस्टरे. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण त्यांत लिहिलेले असते, हे शिक्षकमंडळींना सांगावयास नकोच. कुणाला जन्मतारखेचा पुरावा हवा असतो, कुणाला जातीच्या दाखल्यासाठी आजोबांची नोंद हवी असते. मुंबई-पुण्याला गेलेली माणसेही अखेर ह्या एका कपाटापुढे येऊन उभी राहतात. त्या कपाटाला वाळवी लागली. एका रजिस्टराच्या शेवटच्या काही पानांची तिने चाळण करून टाकली, तेव्हा सगळे जागे झाले. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढली, साठ हजार रुपये जमले, आणि ठरले की एक चांगला कॅमेरा घ्यावयाचा व सगळ्या रजिस्टरांची पान न् पान छायाचित्रे काढून ठेवावयाची.

निवडीच्या कामात मला ओढण्यात आले. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो आणि सुटीत वीरगळ व जुन्या चोपड्या यांची छायाचित्रे काढीत गावोगाव हिंडतो, एवढीच माझी पात्रता.

पहिलाच प्रश्न एका तरुण सभासदाने विचारला. "सर, खिशात मोबाइल असताना एवढा खर्च कशाला?" प्रश्न रास्त होता. चार-दहा पाने असतील तर मोबाइलने काम उत्तम होते. पण येथे अकरा रजिस्टरे होती, मिळून सुमारे बावीसशे पाने. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उंची तीच, उजेड तोच, अक्षराचा आकार तोच राहावयास हवा. शिवाय मोबाइल कुणाचा? ज्याचा असेल तो घरी घेऊन जाणार, दोन वर्षांनी बदलणार. शाळेची वस्तू शाळेच्या कपाटात राहिली म्हणजे तिची जबाबदारीही शाळेवर राहते. म्हणून कॅमेराच घ्यावयाचा ठरले.

आता हा कॅमेरा कसा असतो ते थोडक्यात पाहू. ह्या जातीच्या कॅमेऱ्याला डीएसएलआर म्हणतात. लेन्समधून आलेला प्रकाश आत तिरक्या बसवलेल्या आरशावर पडतो, तेथून वर जाऊन काचेच्या लोलकातून आपल्या डोळ्यापर्यंत येतो. शाळेत आपण पुठ्ठ्याचा पेरिस्कोप करतो ना, त्याच तत्त्वावरची ही रचना. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते, आणि मागच्या सेन्सरवर चित्र उमटते. म्हणजे जे लेन्स पाहते तेच आपण पाहतो. २०१८ साली कॅनन आणि निकॉन ह्या दोन्ही मोठ्या जपानी कंपन्यांनी आपल्या बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नव्या बैठकीची लेन्स-मालिका सुरू केली, आणि २०२० नंतर आरशाचे नवे कॅमेरे काढण्याकडे पाठ फिरवली. त्यामुळे हौशी लोक आपले आरशाचे कॅमेरे विकू लागले. जुने झाले म्हणून त्यांची दृष्टी काही मंद झालेली नाही. आपल्यासारख्यांना ही चांगलीच संधी आहे.

साठ हजारांत बॉडी, लेन्स, दिवे आणि साठवणीच्या डिस्का बसवावयाच्या होत्या. तेव्हा वापरलेलाच कॅमेरा घ्यावयाचा होता, आणि चौकशी करता करता दोन नावे उरली. एक कॅनन ८०डी, हा २०१६ साली जाहीर झालेला. दुसरा निकॉन डी७२००, हा त्याच्या आदल्या वर्षीचा, २०१५ चा. दोन्ही मधल्या दर्जाचे. नवशिक्यांच्या कॅमेऱ्यांहून वरचे, धंदेवाईकांच्या जड आणि महाग कॅमेऱ्यांहून खालचे.

आणि येथेच आमची पंचाईत झाली. कारण कागदावर दोघे जवळजवळ जुळे भाऊ. दोघांच्या चित्रात २४.२ मेगापिक्सेल, म्हणजे लांबीला सहा हजार ठिपके, रुंदीला चार हजार. उघडलेले रजिस्टर सोळा इंच रुंद धरले तर एका इंचाला तीनशे पंचाहत्तर ठिपके पडतात, आणि बारीक बोरूचे अक्षर वाचावयास तीनशे पुरतात. बॅटरी आणि कार्डासह कॅननचे वजन ७३० ग्रॅम, निकॉनचे ७६५. फरक पस्तीस ग्रॅमचा, म्हणजे मूठभर शेंगदाण्यांचा. कॅनन सेकंदाला सात चित्रे काढतो, निकॉन सहा. कॅननमध्ये फोकसचे ४५ बिंदू, निकॉनमध्ये ५१. एका भरल्या बॅटरीवर कॅनन ९६० चित्रे काढतो, निकॉन १११०. निकॉनचे शटर दीड लाख वेळा उघडझाप करून पारखलेले, कॅननचे एक लाख वेळा. उन्हातल्या देवळाच्या गाभाऱ्यासारखा काळोखा भाग नंतर संगणकावर उजळावयाचा झाला तर निकॉनचे चित्र थोडे अधिक सोसते.

समितीतली तरुण मंडळी ह्या आकड्यांवर तास तास वाद घालीत. मला त्यांची गंमत वाटे. रजिस्टर काही पळत नाही. सेकंदाला सहा काय आणि सात काय! ज्या आकड्याचा आपल्या कामाशी संबंध नाही, तो आकडा मोठा असला तरी आपल्यापुरता शून्यच.

खरे फरक दोनच होते. निकॉनमध्ये कार्डांसाठी दोन खाचा आहेत; एकच चित्र एकाच वेळी दोन कार्डांवर लिहून ठेवता येते. कॅननमध्ये खाच एकच. उलट कॅननचा मागचा पडदा बिजागरीवर आहे. दाराच्या फळीसारखा तो बाजूला उघडतो आणि हवा तसा फिरतो. शिवाय त्या पडद्यावर पाहून फोकस करताना कॅनन फार चपळ आहे, कारण त्याच्या सेन्सरचा प्रत्येक ठिपका दोन अर्धांचा बनवला आहे आणि त्या दोन अर्धांच्या तुलनेतून त्याला अंतर कळते. निकॉनचा पडदा पाठीला घट्ट बसवलेला, आणि त्यावर पाहून फोकस करावयाचा तर तो जरा चाचपडतो. डोळा लावून पाहिले तर मात्र तोही तितकाच चपळ आहे.

मी निकॉनच्या बाजूने उभा राहिलो. का, तेही सांगतो.

२०१९ च्या मे महिन्यात मी कृष्णाकाठच्या एका गावी गेलो होतो. एका कीर्तनकारांच्या घरी त्यांच्या पणजोबांनी लिहिलेले बाड होते. अभंग, आख्याने, मधूनच घरची देणीघेणी, एका पानावर तर सर्पदंशाचा उतारा. मित्राचा कॅमेरा मागून नेला होता. माजघरात बसून दिवसभरात तीनशे बारा पाने काढली. त्या घरच्या आजींनी मला पोळीवर तूप वाढले आणि म्हणाल्या, "आता हे बाड गेलं तरी चालंल, तुमच्या डब्यात आलंय न्हवं?" घरी येऊन कार्ड संगणकात घातले. ते उघडेना. दुकानात नेले, जाणकारांना दाखवले, काही उपयोग झाला नाही. म्हटले, दिवाळीनंतर पुन्हा जाऊ. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. त्या घरात पाणी माळ्यापर्यंत चढले. बाडाचा लगदा झाला. मी नंतर त्या घरी गेलो तेव्हा आजींनी मला काही विचारले नाही, आणि मीही काही सांगितले नाही.

म्हणून मी समितीत जोराने म्हणालो की दोन कार्डांशिवाय कॅमेरा घ्यावयाचाच नाही.

माझ्या बाजूला आणखी एक वजन पडले. तालुक्याच्या गावी एक जुने फोटो स्टुडिओवाले काका आहेत. निकॉनने आपल्या आरशाच्या कॅमेऱ्यांच्या लेन्सची बैठक १९५९ सालापासून बदललेली नाही. १९७७ नंतरच्या जुन्या हाती फोकसच्या लेन्सही डी७२०० वर बसतात आणि उजेडाचे मापही बरोबर देतात. कॅननने मात्र १९८७ साली बैठक बदलली, त्यामुळे त्याआधीच्या कॅनन लेन्स ह्या कॅमेऱ्यावर बसत नाहीत. काकांकडे निकॉनच्या तीन जुन्या लेन्स होत्या आणि त्या ते शाळेला फुकट द्यावयास तयार होते. मला वाटले, निकाल लागला.

पण माणूस प्रामाणिक. लेन्स देण्याआधी त्यांनी स्वतःच त्या बॅटरीच्या उजेडापुढे धरून मला दाखवल्या. आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. "पावसाळ्यात पेटीत राहिल्या," ते म्हणाले. "सर, फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. दोन्ही कॅमेरे मी एका दिवसापुरते आणून देतो. शाळेत लावून बघा, मग काय ते ठरवा."

त्याप्रमाणे एका रविवारी आम्ही शाळेत जमलो. छायाचित्रांचे काम प्रत्यक्षात करणार होत्या त्या चौथीच्या वर्गाच्या बाई. आजवर त्या फारसे बोलल्या नव्हत्या. गावच्या सुताराने एक लाकडी घोडा करून दिला होता. त्याच्या आडव्या दांड्याला कॅमेरा खाली तोंड करून बसवावयाचा. टेबल अडीच फूट उंच. त्यावर रजिस्टर. पन्नास मिलिमीटरच्या लेन्समध्ये दोन्ही पाने एकदम बसावयाची तर कॅमेरा टेबलापासून साडेतीन फूट वर न्यावा लागतो. म्हणजे जमिनीपासून सहा फूट. निकॉन बसवला. त्याचा पडदा आढ्याकडे तोंड करून राहिला.

बाई म्हणाल्या, "सर, फोकस बरोबर आलाय का, बघता का जरा?"

मी टाचा उंचावल्या. दिसेना. स्टूल आणवले, त्यावर चढलो, वाकलो. तेव्हा कुठे दिसले. आणि माझी सावली नेमकी रजिस्टरावर पडली. बाईंनी मग कॅनन बसवला, पडदा बाजूला उघडून खाली वळवला, खुर्चीवर बसून पडद्यावर जेथे अक्षर होते तेथे बोट लावले. फोकस झाला.

"शाळा सुटल्यावर रोज पन्नास-पन्नास फोटो काढायचे आहेत मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "मी रोज पन्नास वेळा स्टुलावर चढायचं का?"

मी गप्प बसलो. खरे सांगतो, त्या क्षणी माझ्या लक्षात आले की इतके दिवस मी शाळेसाठी कॅमेरा निवडतच नव्हतो. त्या बुडालेल्या बाडासाठी निवडत होतो. एकट्याने परगावी, परक्या माजघरात, एका दिवसात काम उरकून परतावयाचे, ते माझे काम. त्याला दोन कार्डे हवीतच. शाळेचे काम वेगळे होते. एकच खोली, एकच टेबल, शेजारी संगणक, आणि रोज तेच हात.

तरीही माझी भीती खोटी नव्हती. एका कार्डाचा धोका राहतोच. त्यावर बाईंनीच विचारले, "हा कॅमेरा संगणकाला जोडता येतो का?" येतो. कॅननचा त्यासाठीचा प्रोग्रॅम कंपनीकडून मोफत मिळतो. यूएसबीच्या तारेने कॅमेरा जोडला की काढलेले प्रत्येक चित्र त्याच क्षणी संगणकात जाते, आणि तशी सूचना देऊन ठेवली तर कार्डावरही राहते. म्हणजे दोन प्रती झाल्याच. दुसरी खाच कॅमेऱ्यात नव्हती, ती आम्ही टेबलावर केली. निकॉनचीही तार मोठ्या पडद्याला जोडून पाहण्याची सोय आहे, नाही असे नाही. पण फोकसचे चाचपडणे त्याने जात नाही.

श्रोतेहो, ह्या सगळ्यातून मी एवढेच शिकलो. दोन बरोबरीच्या वस्तू समोर असल्या म्हणजे कोणती अधिक चांगली हे विचारू नये. दोघींतही उणे असणारच. कोणते उणे आपल्याला साध्या उपायाने भरून काढता येते आणि कोणते रोज सोसावे लागते, हे विचारावे. भरून काढता येणारे उणे पत्करावे. आणि हा प्रश्न समितीने नव्हे, ज्याच्या हाताने काम व्हावयाचे त्याने सोडवावा. आपण उद्या गावच्या जत्रेचे, खेळाच्या सामन्यांचे किंवा लग्नकार्याचे फोटो काढणार असाल, तर तो क्षण पुन्हा येत नाही आणि शेजारी संगणक नसतो. तेथे मी आजही दोन खाचांचा निकॉनच घ्या म्हणेन. मुलांच्या नाटकाचे चित्रीकरण करावयाचे असेल, तर फिरत्या पडद्याचा कॅनन.

वापरलेला कॅमेरा घेताना काही गोष्टी मात्र कोणत्याही कंपनीच्या बाबतीत पाहाव्यात. शटर आजवर किती वेळा उघडले, हे विचारावे. निकॉनमध्ये हा आकडा चित्राच्या फायलीतच नोंदलेला सापडतो. कॅननमध्ये तो काढावयास थोडी खटपट पडते. लेन्स बॅटरीच्या उजेडापुढे धरून बुरशी पाहावी. पांढऱ्या भिंतीचे एक चित्र काढून त्यात काळे डाग येतात का, हे पाहावे. ते सेन्सरवरच्या धुळीचे असतात. कार्ड घालून वीस-पंचवीस चित्रे काढावीत आणि तेथेच संगणकावर उघडून पाहावीत. आणि सगळे पैसे बॉडीवर घालवू नयेत. आम्ही पन्नास मिलिमीटरची साधी लेन्स, सारख्या जातीचे दोन दिवे आणि दोन हार्ड डिस्का घेतल्या, त्यांनी काम उभे राहिले. दिवे दोन्ही बाजूंनी तिरके ठेवावेत, म्हणजे पानावर चकाकी येत नाही. कॅमेऱ्याचा फ्लॅश वापरू नये. बटण बोटाने दाबले तर कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा किंवा संगणकावरून बटण दाबावे. एक डिस्क शाळेत, दुसरी शाळेबाहेर कुलपात. आणि हे लक्षात असू द्या की छायाचित्र मूळ रजिस्टराची जागा घेत नाही. दाखला मूळ नोंदीवरूनच मिळतो. तेव्हा वाळवीचा बंदोबस्त आधी. त्याचप्रमाणे लोकांच्या जातीच्या आणि जन्माच्या ह्या नोंदी गावच्या मोबाइल ग्रुपवर फिरवावयाच्या नाहीत, एवढा विवेक हवा.

बाईंनी ते काम पाच महिन्यांत पुरे केले. मधे परीक्षा आल्या, दिवाळी आली, वीज गेली, पण केले. शेवटच्या आठवड्यात मी शाळेत गेलो होतो, तेव्हा ऐंशीच्या घरातल्या एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. जन्मतारीख हवी होती. बाईंनी आधी संगणकावर पान शोधले, म्हणजे मूळ रजिस्टर उगीच हाताळावे लागू नये. पान सापडले. नाव, गाव, तारीख, इयत्ता चौथी, आणि शेवटच्या रकान्यात, शाळा सोडण्याचे कारण, घरकाम. बाईंनी ती ओळ मोठी करून दाखवली. आजी बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं हुतं, म्या साळंत गेल्याची खूण कुटं उरलीच नसंल."

मूळ रजिस्टर काढले, दाखला लिहून झाला. आजी निघून गेल्या. ते पान कोणत्या कॅमेऱ्याने काढले, हे त्यांनी विचारले नाही. आणि विचारले असते तर आकड्यांतले मी त्यांना काय सांगणार होतो? एवढेच सांगितले असते की आमच्या बाईंना स्टुलावर चढावे लागू नये, असा आम्ही पाहून घेतला.